बऱ्हाणपूर पहिल्यांदा पाहताय? आधी पाणी बघा, मग महाल

अमळनेरच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलंय: दिवाळीनंतर दोन दिवस बऱ्हाणपूरला जायचं आहे. सोबत आई, तिचे गुडघे दुखतात, आणि सातवीतला मुलगा. आधी कोणीच गेलेलं नाही. "मुमताजमहल तिथे वारली एवढंच ऐकून आहोत. चुकवू नये असं काय, आणि सोडलं तरी चालेल असं काय?"

ताई, मी रावेरचा. गेली सव्वीस वर्षं लोकांना बऱ्हाणपूर-असीरगड दाखवतो. शाळेच्या सहली, नाशिक-पुण्याचे इतिहासाचे अभ्यासक, मुंबईहून येणारी कुटुंबं, सगळ्यांना घेऊन हिंडलो. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल, पण कामाचं सांगतो.

पहिली गोष्ट, बऱ्हाणपूरला परमुलुखात जातोय असं समजून जाऊ नका. आज ते मध्य प्रदेशात आहे, 2003 साली खंडव्यातून वेगळा जिल्हा झाला, पण ही आपल्या खानदेशाची राजधानी आहे. फारुकी घराण्यानं इथून दोनशे वर्षं खानदेश चालवला. 1803 च्या लढाईत इंग्रजांनी ते घेतलं, शिंद्यांना परत केलं, 1860 पर्यंत ते शिंद्यांकडेच राहिलं, आणि खालचा खानदेश 1818 मध्येच इंग्रजांकडे गेलेला. त्या वेळी जी फाटाफूट झाली ती कायमची. बाजारात उतरून मराठी बोला, निम्मी दुकानं मराठीत उत्तर देतील. वाटेत सावदा-रावेरपासून केळीच्या बागा लागतात त्या थेट शहराच्या वेशीपर्यंत तुटत नाहीत. राज्याची हद्द फक्त पाटीवर दिसते.

निघायच्या आधी एखादा रविवार मिळाला तर थाळनेर करून या. अमळनेरहून लांब नाही. फारुक्यांची पहिली राजधानी ती. 1382 मध्ये मलिक राजानं तिथून कारभार सुरू केला आणि त्या घराण्याच्या कबरी अजून तापीकाठी उभ्या आहेत. त्यातल्या अष्टकोनी कबरीवरचं कोरीव काम मुलाला जवळ नेऊन दाखवा. मग बऱ्हाणपूरला गेल्यावर त्याला कळेल की हीच माणसं तापीच्या काठाकाठानं वर सरकली.

मलिक राजाच्या मुलानं, नसीर खानानं, आशा अहिराकडून असीरगड घेतला आणि 1400 च्या आसपास तापीच्या उत्तर काठावर नवं शहर वसवलं. नाव दिलं सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. ते इथे कधी राहिलेले नाहीत, त्यांची समाधी खुलताबादला आहे. नदीच्या पलीकडे त्यांच्या शिष्याच्या, जैनुद्दीनच्या नावानं जैनाबाद. म्हणजे एका नदीच्या दोन काठांवर गुरू आणि शिष्य. हे ध्यानात ठेवा, दुसऱ्या दिवशी जैनाबादला जायचंच आहे.

आता पहिली सकाळ. बहुतेक लोक स्टेशनवरून रिक्षा करतात आणि थेट शाही किल्ल्यावर जातात. तसं करू नका. आधी राजघाटावर जा, सूर्य वर यायच्या आत. पायऱ्या उतरताना आईंचा हात धरा, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. अर्ध्यातच बसलात तरी पुरे. समोर तापी, पात्रात काळे कातळ, आणि त्यातल्याच एका कातळाला दिलेला हत्तीचा आकार. पाणी उतरलेलं असेल तर हत्ती पुरा दिसतो, पूर आला की बुडतो. घाटावरची जुनी माणसं पुराचा अंदाज हत्ती किती बुडाला यावरूनच सांगतात. डावी-उजवीकडे बघा, किल्ल्याची भिंत नदीतून सरळ वर उठलेली दिसेल. या शहराचं तोंड नदीकडे आहे. गल्लीतून किल्ल्यात शिरलं की ते कळत नाही, घाटावरून कळतं.

तिथून किल्ला. आत आल्यावर वरच्या गच्चीवर आधी जाऊ नका, हमामखान्यात, म्हणजे शाही न्हाणीघरात जा. सकाळच्या उन्हाचा तिरपा उजेड आत येतो तेव्हाच छतावरची चित्रं उघडतात. दुपारी सगळं सपाट दिसतं. मधोमध हौद आहे, भिंतींत पाण्याचे मार्ग आहेत, आणि मान वर केली की वेलबुट्ट्या, फुलं, नक्षीचे पट्टे, लाल, हिरव्या, निळ्या रंगांत. चारशे वर्षांचा चुन्यावरचा रंग आहे तो. ओलीनं खूप गेला, काही ठिकाणी नावं कोरून लोकांनी घालवला. जे उरलंय त्याच्यासमोर दहा मिनिटं तरी गप्प उभं राहावं. मुलाला विचारा, या हौदात पाणी यायचं कुठून? तापी तर कितीतरी खाली वाहते. उत्तर देऊ नका, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. छतावरच्या एका चित्रात ताजमहालाचा पहिला आराखडा आहे असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. सुरुवातीची चार-पाच वर्षं मीही सांगायचो, कारण मला शिकवणाऱ्यानं तसंच सांगितलं होतं. पुढे अभ्यासक मंडळी येऊ लागली, त्यांच्याबरोबर वाचलं, तेव्हा कळलं की याला आधार काही नाही. तेव्हापासून सांगणं बंद केलं. खरी हकिकत मुळातच इतकी भारी आहे की तिला असल्या जोडाची गरज नाही.

ती हकिकत अशी. खान जहान लोदी या मुघल सरदाराचं बंड मोडायला शाहजहान दख्खनेत उतरला आणि त्याचा मुक्काम बऱ्हाणपूरला होता. 17 जून 1631 रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल इथे गेली. मुलगी जगली, तिचं नाव गौहर आरा. मुमताजला जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, तात्पुरतं पुरलं आणि डिसेंबरात आग्र्याला नेलं. पण त्याच सालात गुजरात, खानदेश आणि दख्खनेत भयंकर दुष्काळ होता हे कोणी सांगत नाही. बादशहानं बऱ्हाणपूरला लंगर उघडले, ते उपाशी माणसांसाठी. किल्ल्याच्या गच्चीवर उभं राहून खाली नदीकाठ बघताना मला नेहमी त्या रांगा डोळ्यांपुढे येतात. राणीचं दुःख आणि रयतेची भूक, दोन्ही या एकाच काठावर, एकाच वर्षी.

गच्चीवर दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खासचे अवशेष आहेत. आईंना जिने चढणं जमणार नसेल तर खाली बागेत सावलीत बसवा. वर जे आहे ते मुख्यतः नदीचं दृश्य आहे आणि ते त्यांनी घाटावरून पाहिलेलं असेल.

दहा-साडेदहापर्यंत किल्ला आटोपून गांधी चौकातल्या जामा मशिदीत या. शुक्रवार असेल तर दुपारी जाऊ नका. डोकं झाकून, चपला बाहेर ठेवून, तिथल्या माणसांना विचारून आत जा. आजवर माझ्या एकाही पाहुण्याला कोणी अडवलं नाही. राजा अली खान फारुकीनं ही बांधली. काळा दगड, समोर पंधरा कमानी, दोन्ही टोकांना दोन उंच मिनार, आणि घुमट एकही नाही. आतलं छत कमानींवर असं तोललंय की घुमटाची आठवणही येत नाही.

मी तुम्हाला इथे आणतोय तो मात्र एका शिलालेखासाठी. उत्तरेकडच्या टोकाच्या मिहराबाजवळ, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्याजवळ, अरबी मजकुराच्या जोडीनं संस्कृत लेख आहे, नागरी अक्षरांत. सृष्टिकर्त्याला वंदन करून सुरुवात, मग फारुकी राजांची वंशावळ, आणि मग मशिदीच्या बांधणीची तिथी: विक्रम संवत 1646, शके 1511. म्हणजे 1590 चा जानेवारी. पंचांगातल्यासारखी तिथी-नक्षत्रासह नोंद आहे. तुम्ही शिक्षिका आहात, मुलाला घरी श्लोक येत असतील. त्याला एकेक अक्षर जुळवायला लावा. "श्री" तर त्याला चटकन सापडेल. मशिदीच्या भिंतीवर, बादशाही थाटाच्या कामात, मालकानं स्वतःहून शक आणि संवत कोरवून घेतलाय. त्या राजाची रयत कोण होती, ती काळ कसा मोजायची, हे त्याला ठाऊक होतं. असाच संस्कृत लेख असीरगडावरच्या मशिदीतही आहे. मला विचाराल तर अख्ख्या शहरात एकच वस्तू बघायला वेळ असेल तर हा लेख बघावा.

याच मशिदीत अकबराचा फारसी लेखही आहे, असीरगड जिंकल्यानंतरचा. एका इमारतीत अकरा वर्षांच्या अंतरानं दोन राजवटींचे शब्द आहेत. पहिले शब्द कोरवणाऱ्या घराण्याचं राज्य दुसऱ्या शब्दांच्या वेळी संपलेलं होतं.

दुपारी जेवण. चौकाच्या आसपास मांडे मिळतात. आपल्याकडे मांडा म्हटलं की खापरावरचा पुरणाचा. तिकडचा मांडा म्हणजे भली मोठी, पातळ, रुमालासारखी घडी घातलेली रोटी, पुरणाशिवायची, रश्श्याबरोबर खायची. हातावर फिरवून फिरवून ती मोठी करतात, ते बघण्यातच मुलाचा अर्धा तास जाईल. शाकाहारी असाल तर दाल-बाटी किंवा शेवभाजी कुठेही मिळेल, चवीत रावेरचाच हात लागेल. गोडात दोन गोष्टी सोडू नका. मावा जिलेबी जाड, तपकिरी, खव्याची असते. गरम दोनच खा, तिसरी जड जाते. आणि दराबा. रवा, साजूक तूप आणि पिठीसाखर एकत्र करून इतका वेळ फेसतात की तो पांढरा, हलका होतो, जिभेवर ठेवला की विरघळतो. हाताच्या तळव्यानं परातीत गोल गोल फेसणारा माणूस दिसला तर थोडं थांबा, त्याचा खांदा बघा. घरी न्यायला दराबाच घ्या, जिलेबी दुसऱ्या दिवशी तशी राहत नाही.

दुपारच्या उन्हात काही करू नका. दिवाळीनंतर थंडी सुरू झालेली असली तरी बारा ते तीन ऊन लागतं. आईंना विश्रांती द्या. मे महिन्यात तर मी कोणालाच नेत नाही. खानदेशचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

संध्याकाळी उतावळी नदीच्या बाजूला शाहनवाज खानाची कबर. अब्दुल रहीम खानखाना, म्हणजे दोहे लिहिणारा रहीम, जहांगिराच्या काळात अनेक वर्षं बऱ्हाणपूरला होता. शाहनवाज त्याचा थोरला मुलगा. ऐन उमेदीत, 1619 मध्ये गेला. बापानं मुलासाठी उभारलेली काळ्या दगडाची इमारत आहे, म्हणून हल्ली तिला काळा ताजमहाल म्हणतात. मला ते नाव आवडत नाही. ही आधीची आहे, तिचं स्वतःचं वजन आहे. आतून घुमटाखाली रंगकाम टिकलंय, किल्ल्यातल्या हमामापेक्षा बरं. सूर्य मावळताना बाहेरून बघा, काळा दगड तांबूस होतो.

तिथून जवळपास शाहजहानचा मुलगा शाह शुजा याच्या बेगमेची, बिल्किसची कबर. खरबुजाच्या फाकांसारखा बाहेरून आकार, म्हणून लोक खरबुजी घुमट म्हणतात. लहानशी वास्तू. आत भिंतभर फुलं रंगवली आहेत. तीही बाळंतपणातच गेली, मुमताजनंतर तीन वर्षांनी. आत एका वेळी चार माणसं मावतील एवढीच जागा आहे, त्यामुळे गर्दी असेल तर थांबून एकटे आत जा. वेळ उरला तर इतवाऱ्यातली बीबी की मशीद बघा, जामा मशिदीपेक्षा जुनी, गुजराती वळणाची. नाही बघितली तरी हरकत नाही.

दुसरा दिवस पाण्याचा. सकाळी लालबाग स्टेशनच्या बाजूनं कुंडी भंडाऱ्याला जा. यालाच खूनी भंडारा म्हणतात. पाण्याला तांबूस झाक होती म्हणून ते नाव पडलं असं कोणी सांगतं, कोणी म्हणतं कुंडीचंच खूनी झालं. मला दुसरं पटतं.

काम असं चालतं. उत्तरेला सातपुड्याचा डोंगर. पावसाचं पाणी मुरून उतारानं तापीकडे जमिनीखालून झिरपत येतं. रहीम सुभेदार असताना, 1615 च्या सुमाराला, इराणकडून आलेल्या तबकुतुल अर्ज नावाच्या जाणकारानं हा झरप वाटेतच अडवायचं ठरवलं. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली साठ्याच्या जागा केल्या, त्यांना भंडारे म्हणतात. तिथून शहराकडे बोगदा खणला, उतार इतका हलका की पाणी आपोआप वाहावं पण जोरानं धावू नये. आणि बोगद्याच्या डोक्यावर ठरावीक अंतरानं उभ्या विहिरी, त्या कुंड्या. शंभराहून जास्त कुंड्या आहेत, ओळीनं, सुमारे तीन किलोमीटर. कुंडीतून हवा आत जाते, उजेड जातो, गाळ काढायला माणूस उतरतो. पंप नाही, मोट नाही, बैल नाही. शेवटी जाली करंज नावाच्या हौदात पाणी गोळा व्हायचं आणि तिथून नळांनी शहरात, किल्ल्यात, बागांत, हमामात. तुमच्या मुलाच्या कालच्या प्रश्नाचं उत्तर हे. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की पाहिली असेल तर ओळख पटेल, मलिक अंबरनं खडकीला, म्हणजे त्याच शहरात, नहर बांधली ती याच दशकातली. दोन्ही बाजूंनी एकमेकांशी लढणारी माणसं एकाच विद्येनं आपापल्या शहरांना पाणी पाजत होती.

एका कुंडीवर लिफ्ट बसवलेली आहे, ती सुमारे ऐंशी फूट खाली नेते. निघायच्या आधी चालू आहे का ते मुक्कामाच्या ठिकाणी नक्की विचारा. एकदा मी चाळीस मुलांना घेऊन गेलो आणि वीज गेलेली. तीन तास बसून परत आलो, मुलांचे चेहरे अजून आठवतात. आता मी त्या दिवशीचं वेळापत्रक उलटं करायची तयारी ठेवतो, भंडारा बंद असेल तर आधी असीरगड.

खाली उतरलात की पहिल्यांदा गारवा लागतो. वर ऊन कितीही असो, खाली माठातल्यासारखा गारवा. मग कानाला आवाज लागतो, पाण्याचा हलका, सतत. पाणी पायाखालून वाहताना दिसतं, घोट्याच्या-गुडघ्याच्या आसपास, काचेसारखं. भिंतीला हात लावा, खडबडीत लागेल. तो दगड नाही, चुनखडीचा थर आहे. चारशे वर्षं पाण्यातला चुना भिंतीवर बसत गेला, काही ठिकाणी मेणबत्ती ओघळावी तसे ओघळ झालेत. दिसायला सुंदर आहे, पण दुखणंही तेच आहे. जिथून पाणी पाझरून आत यायचं ती बारीक भोकं या चुन्यानं बुजत चालली आहेत. वरून बोअरवेलनं उपसा वाढला, डोंगरावरची झाडी कमी झाली, तेही आहेच. 2024 मध्ये ही जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्याचा आनंद झाला. पण यादीनं पाणी वाढत नाही. आपण केळीवाले लोक. पाणी किती खोल गेलंय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून मी प्रत्येक शेतकरी पाहुण्याला इथे आणतोच, त्याला किल्ला नाही दाखवला तरी चालेल.

आईंना खाली नेऊ नका असं मी म्हणणार नाही. लिफ्टनं उतरता येतं, पण खाली ओलं आणि घसरडं आहे. उतरून तिथल्या तिथे उभं राहायचं, आत चालत जायचं नाही. दम्याचा त्रास असेल तर मात्र वरच थांबू द्या. वरून ओळीनं दिसणाऱ्या कुंड्यांची गोल तोंडं मोजत चालणं, हेही बघण्यासारखं आहे.

तिथून असीरगड, शहरापासून वीस किलोमीटर, इंदूर-इच्छापूर रस्त्यावर. गाडी बरीच वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा विचार करता आईंनी पहिल्या दरवाजापर्यंत यावं आणि तिथे कट्ट्यावर बसावं. तिथूनही सातपुड्याची खिंड दिसते आणि या गडाला दख्खनचा दरवाजा का म्हणत ते समजतं. उत्तरेतून येणारी फौज या खिंडीतूनच उतरायची. अकबर स्वतः इथे येऊन बसला, महिने गेले, गडात रोगराई पसरली, फितुरी झाली, आणि जानेवारी 1601 मध्ये गड पडला. अकबराची ही शेवटची मोठी जिंकणी. सुभ्याला मुलाच्या, दानियालच्या नावावरून दानदेश म्हणू लागले. ते नाव टिकलं नाही, खानदेशच राहिलं.

गडावर मशीद, तळी, इंग्रजांच्या काळातल्या कबरी, पडके वाडे आणि खाली गुप्तेश्वर महादेवाचं देऊळ. अश्वत्थामा पहाटे येऊन इथे फूल वाहून जातो असं लोक मानतात. आपल्या धडगावकडे दिवाळीत अस्तंबा ऋषीची यात्रा भरते, तोही अश्वत्थामाच. सातपुड्याच्या दोन टोकांना एकच माणूस कपाळावरची जखम घेऊन फिरतोय. आईंना हे सांगा, गडावर चढता आलं नाही याचं त्यांना वाईट वाटणार नाही. माझ्या आजीला अख्खा असीरगड माहीत होता तो फक्त अश्वत्थाम्यामुळे, ती कधी तिथे गेली नव्हती.

परतताना, मराठी माणूस म्हणून एक जागा आवर्जून सांगतो. शहराबाहेर तापी-मोहनेच्या संगमावर राजाची छत्री आहे, बत्तीस खांबांची. हा राजा म्हणजे मिर्झा राजे जयसिंग. 1665 चा पुरंदरचा तह ज्यानं केला, तेवीस किल्ले ज्यानं घेतले, तो. दोन वर्षांत, ऑगस्ट 1667 मध्ये, दख्खनेतून परतताना बऱ्हाणपूरला मेला. तिथे गर्दी नसते, बहुतेक वेळा आपण एकटेच असतो. मुलानं शाळेत तह वाचलेला असेल, इथे त्याला त्या तहाचा दुसरा माणूस भेटेल.

आणि जानेवारी 1681 च्या अखेरीस संभाजीराजांच्या फौजा, हंबीरराव मोहिते बरोबर, बऱ्हाणपूरवर आल्या. बहादूरपुरा आणि बाहेरच्या श्रीमंत पेठा लुटल्या. त्याची खूण म्हणून दाखवायला आज काही नाही. पाहुणे मागतात, काहीतरी दाखवा म्हणतात. मी शनवाऱ्याच्या दरवाजापाशी उभं राहून सांगतो आणि हेही सांगतो की हे दरवाजे, हा तट नंतरचा आहे, निजामानं 1731 मध्ये बांधलेला. त्या निजामाचा, पहिल्या आसफजाहचा मृत्यूही इथलाच, 1748 चा. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हे शहर आणि असीरगड पेशव्यांकडे आले.

दाऊदी बोहऱ्यांची दरगाह-ए-हकीमी आणि शिखांचा गुरुद्वारा बडी संगत, दोन्ही शांत, स्वच्छ जागा. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये नांदेडला जाताना इथे थांबले होते. श्रद्धा असेल तर जा, अर्धा तास पुरतो. महल गुलारा सोडा. उतावळीवरचा बांध आणि समोरासमोरचे दोन महाल पावसाळ्यात बघायचे असतात, पाणी बांधावरून पडतं तेव्हा. दिवाळीनंतर तिथे फारसं काही उरत नाही. पुढच्या श्रावणात त्यासाठी वेगळे या.

आहूखाना मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. पूल ओलांडून जैनाबाद. तुमच्या मनात संगमरवर असेल तर निराश व्हाल, म्हणून आधीच सांगतो: पडकी बारादरी, कोरडे हौद, आजूबाजूला गवत आणि शेतं. मुमताजची ती तात्पुरती कबर नेमकी कोणत्या जागी होती यावरही एकमत नाही. पण घाटावरून पहिल्या सकाळी जो पलीकडचा काठ पाहिला तोच हा. आता इथून उलटं बघा. नदीपलीकडे किल्ल्याची भिंत, आणि सहा महिने तो बादशहा त्या गच्चीवरून इकडे बघत असणार. औरंगजेब तरुणपणी जिच्या प्रेमात पडला ती हीराबाई त्याला भेटली तीही याच बागेत म्हणतात. चार वाजता पोहोचा, अंधाराच्या आत निघा, रस्त्याला दिवे कमी आहेत.

येताना रेल्वेनं याल तर भुसावळला गाडी बदला, तिथून तासाभरात बऱ्हाणपूर. स्टेशन लालबागला, शहराच्या बाहेर तीन किलोमीटरवर, त्यामुळे रिक्षाचं भाडं आधी ठरवून घ्या. गाडीनं आलात तर मात्र परत रावेरमार्गे येऊ नका. जैनाबादहून तसेच इच्छापूरकडे निघा. टेकडीवर इच्छादेवी आहे, पायऱ्या बऱ्याच आहेत, पण खाली पायथ्याशी उभं राहून हात जोडले तरी आपल्याकडच्या बायका ते पुरेसं मानतात. पुढे मुक्ताईनगर. आईंना तिथे मुक्ताईचं दर्शन होईल, चढ नाही, आणि रात्री जेवायला घरी.

टॉर्च, पाण्याची बाटली, आईंसाठी काठी आणि घसरणार नाही अशा चपला एवढं बरोबर असू द्या. हमामात आणि कबरींत मुलाला भिंतीला टेकू देऊ नका, रंग हाताला लागून येतो.